सोनोग्राफीत बाळाचे पोट मोठे दिसले तेव्हा : पुण्यातील एका फीटल मेडिसिन केंद्राच्या सेवेविषयी

गरोदरपणाच्या २८व्या आठवड्यात गावाकडच्या सोनोग्राफीत बाळाचे जठर नेहमीपेक्षा मोठे दिसले आणि गर्भजलही वाढलेले आढळले, म्हणून आम्ही कराडहून पुण्यातील एका खासगी फीटल मेडिसिन केंद्रात, म्हणजे गर्भातल्या बाळाची खास तपासणी करणाऱ्या केंद्रात, गेलो. पुढच्या दोन महिन्यांत तेथे आमच्या चार फेऱ्या झाल्या. बाळ आता सात महिन्यांचे आहे, आणि त्या केंद्रात जे सांगितले गेले ते प्रत्यक्षात किती उतरले हे ताडून पाहण्याइतका अवधी मिळाल्यावरच मी हे लिहायला घेतले आहे. पुढे काही तक्रारीही आल्या आहेत, त्यामुळे केंद्राचे किंवा रुग्णालयाचे नाव देत नाही. ज्यांच्या हातात असाच एखादा अहवाल आला असेल त्यांना अशा सेवेकडून काय अपेक्षावे, एवढे यातून कळले तरी लिहिण्याचे काम झाले असे मी समजेन.

पहिल्या अहवालात या गोष्टीबद्दल जेमतेम दीड ओळ होती. जठर फुगलेले आहे, गर्भजलाचा निर्देशांक २६ सेंटिमीटर आहे, आतड्यात अडथळा असण्याची शक्यता पडताळावी, इतकेच. विसाव्या आठवड्यातील अॅनोमली स्कॅन, म्हणजे बाळात काही व्यंग आहे का हे पाहणारी सोनोग्राफी, अगदी व्यवस्थित होता, मग आता हे कोठून आले, हा आमचा प्रश्न तेथे तसाच राहिला. ‘मोठ्या सेंटरला दाखवून घ्या’ असे सांगून पुढच्या पेशंटला आत बोलावले गेले. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, बाळ चांगलं जेवतंय, म्हणून पोट भरलेलं दिसत असेल.’’ त्यांनी धीर देण्यासाठी म्हटलेल्या या वाक्यात निम्मे तथ्य होते, हे मला पुण्यात कळले.

केंद्रातील पहिल्या भेटीची वेळ ११ची होती आणि आम्हाला आत घेतले तेव्हा २ वाजायला आले होते. प्रतीक्षागृहात १५ खुर्च्या आणि त्याच्या दुप्पट माणसे होती. सातव्या महिन्यातल्या बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि किती वेळ लागेल हे विचारले तर काउंटरवरून ‘नंबर आला की बोलावतो’ हेच उत्तर मिळत होते. ज्या केंद्रात येणारी प्रत्येक बाई काही ना काही धास्ती घेऊनच आलेली असते, तेथे हे शोभत नाही. आधारकार्डाची प्रत घेणे, गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालचा एफ फॉर्म भरून सही घेणे हे सगळे मात्र नीट समजावून झाले. पतींना आत येऊ देतात, हेही चांगले. तेथे जे सांगितले जाते ते एकट्या बाईने ऐकून घरी जाऊन सांगावे असे नसते.

आत गेल्यावर मात्र सेवेचा दर्जा एकदम वेगळा जाणवला. डॉक्टरांनी आधीचा अहवाल बाजूला ठेवून सोनोग्राफी मुळापासून केली. जठर पाहण्याआधी त्यांनी बाळाचे हृदय, मणका, मूत्रपिंडे, ओठ, हातपाय असे सगळे क्रमाने पाहिले आणि प्रत्येक वेळी काय पाहत आहेत ते मराठीत सांगितले. मग त्या जठराशी आल्या. पडद्यावर डाव्या बाजूला एक काळा, लांबट डाग होता. पाणी सोनोग्राफीत काळे दिसते, म्हणून पाण्याने भरलेले जठर असे दिसते. ‘‘ताई, पोट दिसतंय ही आधी चांगलीच गोष्ट आहे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘बाळ पाणी गिळतंय आणि ते पोटापर्यंत पोहोचतंय. आता प्रश्न एवढाच, की ते पुढे जातंय का.’’

गर्भ साधारण बाराव्या आठवड्यापासून गर्भजल गिळू लागतो आणि दिवस भरत आल्यावर रोज अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी त्याच्या पोटातून पुढे जाते, आतड्यात शोषले जाते आणि लघवीवाटे परत गर्भजलात येते. या फेऱ्यात कोठे खीळ बसली, तर तिच्या अलीकडचा भाग फुगतो आणि न शोषले गेलेले पाणी गर्भाशयात साठत जाते. पण जठर सतत भरत आणि रिकामे होत असते. नुकतेच भरलेले जठर पाहणाऱ्याला मोठे वाटते आणि थोड्या वेळाने तेच लहान दिसते. म्हणून नुसते जठर मोठे दिसले, गर्भजल योग्य प्रमाणात असले आणि बाकी काही सापडले नाही, तर अशी बहुतेक बाळे जन्मानंतर अगदी ठणठणीत असतात, हे डॉक्टरांनी पहिल्याच दहा मिनिटांत सांगितले. आमच्या बाबतीत पाणी वाढलेले होते, म्हणून आम्हाला एवढ्यावर सोडता येत नव्हते, हेही त्यांनी त्याच दमात सांगितले. खोटा धीर दिला नाही आणि भीतीही घातली नाही.

मग त्यांनी मला बाहेर बसवून, पाणी पिऊन थोडे चालायला सांगून, पाऊण तासाने पुन्हा टेबलावर घेतले. माझ्या मते या केंद्राची फी या पाऊण तासासाठी द्यावी. बाहेर ३० माणसे थांबलेली असताना एकाच पेशंटकडे दुसऱ्यांदा पाहायचे, हे घड्याळाकडे बघणाऱ्या माणसाकडून होत नाही. दुसऱ्या वेळी जठर किंचित लहान झाले होते, पण रिकामे झाले नव्हते, आणि त्याच्या उजव्या बाजूला मधूनच एक छोटा काळा ठिपका उमटून नाहीसा होत होता. डॉक्टर त्यावर दहा-बारा मिनिटे सोनोग्राफीचा प्रोब धरून थांबल्या. जठराला एका ठिकाणी नैसर्गिक घडी असते, आणि आडवा छेद चुकीच्या जागी घेतला तर एकच जठर दोन बुडबुड्यांसारखे दिसते. म्हणून दुसरा बुडबुडा खराच वेगळा आहे आणि तो जठराशी मानेसारख्या अरुंद भागाने जोडलेला आहे, हे दिसल्याशिवाय त्या काही लिहिणार नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी तसे लिहिलेही नाही. ‘आज निश्चित सांगता येत नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा पाहू’ हे वाक्य ऐकताना राग आला होता, पण आज त्याची किंमत कळते. मधुमेहामुळेही गर्भजल वाढते, म्हणून माझी साखरेची तपासणी त्याच दिवशी करून घेतली. ती व्यवस्थित आली.

तिसाव्या आठवड्यात मात्र चित्र स्पष्ट झाले. एक मोठा बुडबुडा, एक लहान, आणि मध्ये दोन्हींना जोडणारी मान. डॉक्टरांनी आमच्याच जुन्या अहवालाच्या पाठीमागे पेन्सिलीने जठर काढले, त्याला लागून आद्यांत्र, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, काढला आणि त्याच्या पुढे एक आडवी रेघ मारली. ‘‘इथे कुठेतरी वाट बंद किंवा अरुंद आहे.’’ तो कागद आमच्याकडे अजून आहे. आद्यांत्राची ही वाट जन्मतःच बंद असणे साधारण ५ ते १० हजार जन्मांमागे एका बाळात आढळते. गर्भ अगदी लहान असताना आद्यांत्राची नळी पेशींनी भरून जाते आणि आठव्या ते दहाव्या आठवड्यांच्या सुमारास पुन्हा मोकळी होते. ती मोकळी होण्यात कसर राहिली, की वाट बंद राहते किंवा आत पडदा उरतो. स्वादुपिंड आद्यांत्राभोवती कड्यासारखे वाढलेले असणे किंवा आतड्याचा पीळ चुकीच्या दिशेने पडलेला असणे, ही कारणेही असू शकतात, आणि यांतले नेमके कोणते हे बऱ्याचदा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच कळते. अडथळा असूनही विसाव्या आठवड्यातील स्कॅन स्वच्छ येऊ शकतो, कारण तोपर्यंत बाळ फार पाणी गिळत नसते आणि फुगवटा दिसण्याइतका तयार झालेला नसतो. पहिल्या केंद्रात अनुत्तरित राहिलेला आमचा प्रश्न येथे असा सुटला.

सासूबाईंनी मला एक प्रश्न विचारायला सांगितला होता, आणि तो विचारायला मला संकोच वाटत होता : पाचव्या महिन्यात ग्रहण होते, त्या दिवशी मी विळीवर भाजी चिरली होती, त्यामुळे तर नाही ना? डॉक्टरांनी तो प्रश्न हसण्यावारी नेला नाही. ‘‘आजींना सांगा, हे जे झालं ते तिसरा महिना संपायच्या आतच होऊन गेलं होतं. ग्रहणाचा, खाण्याचा, कामाचा काही संबंध नाही. सुनेला दोष लागत नाही,’’ असे त्यांनी माझ्या यजमानांसमोर सांगितले. हे वाक्य अहवालात कोठेच नाही, पण त्यानंतर आमच्या घरात त्या भाजीचा विषय पुन्हा निघाला नाही.

समुपदेशनाचा अवघड भाग पुढे होता. आद्यांत्राचा अडथळा असलेल्या बाळांपैकी सुमारे ३० टक्के बाळांना डाउन सिंड्रोम हा गुणसूत्रांचा दोष असतो, आणि हृदयाचे दोषही बऱ्याच जणांत सोबत सापडतात. आमच्या बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफी त्याच मजल्यावर झाली आणि ती चांगली आली. डाउन सिंड्रोमसाठी आईच्या रक्तावरून होणारी तपासणी ही केवळ चाळणी आहे, खात्रीचे उत्तर गर्भजल काढूनच मिळते, आणि ते काढताना वेळेआधी कळा सुरू होण्याचा थोडा धोका असतो, हे सगळे त्यांनी समोर ठेवले. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ची दुरुस्ती झाल्यापासून २४ आठवड्यांपुढे गर्भातील गंभीर व्यंगामुळे गर्भपात करण्याबाबत वैद्यकीय मंडळच निर्णय देते, हा कायदाही त्यांनी आम्ही न विचारता सांगितला, आणि ‘बाळ ठेवायचेच असेल तरी उत्तर आधी कळलेले बरे, कारण तयारी करता येते’ असेही सांगितले. कोणत्याही बाजूला ढकलले नाही. आम्ही तपासणी करून घेतली. पहिले उत्तर तीन दिवसांत आणि पूर्ण अहवाल दोन आठवड्यांत आला. गुणसूत्रे व्यवस्थित होती. त्या तीन दिवसांविषयी येथे लिहीत नाही.

एक तक्रार याच टप्प्यावरची आहे. सोनोग्राफीचे ३,५०० रुपये आधी माहीत होते, पण गर्भजल तपासणीचा प्रयोगशाळेचा खर्च वेगळा असतो आणि तो सोनोग्राफीच्या कित्येक पट होतो, हे आम्हाला सुई टोचून झाल्यावर काउंटरवर कळले. आम्ही तो भरू शकलो. ज्यांना ते शक्य नसते त्यांनी त्या क्षणी काय करायचे? निर्णय घेण्याआधी खर्च सांगणे हादेखील समुपदेशनाचाच भाग आहे. दुसरे असे, की बोलणे इतके स्वच्छ मराठीत होते आणि हातात येणारा अहवाल मात्र चार पाने इंग्रजीत. निदान शेवटचा परिच्छेद मराठीत दिला, तर घरची माणसे तो स्वतः वाचू शकतील.

तेहतिसाव्या आठवड्यात प्रसूती कोठे करायची हा विषय निघाला. पहिले बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे ठरलेलेच असते आणि विट्याला आईने खोलीसुद्धा रंगवून घेतली होती. डॉक्टरांनी सरळ सांगितले, की ज्या इमारतीत एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आणि बालशल्यचिकित्सक दोन्ही आहेत तेथेच प्रसूती व्हावी. जन्मलेल्या बाळाला रुग्णवाहिकेतून हलवण्यापेक्षा पोटातल्या बाळाला आईसकट आधीच हलवणे केव्हाही सुरक्षित. गर्भजल वाढल्यामुळे कळा लवकर सुरू होऊ शकतात, म्हणून ३५व्या आठवड्यापासून पुण्यातच राहा, असेही सांगितले. मी नणंदेकडे राहिले आणि आई विट्याहून तेथे आली. नुसत्या अडथळ्यासाठी सिझेरियनची गरज नसते, हे त्यांनी स्पष्ट केले होते. त्याच आठवड्यात त्यांनी आमची बालशल्यचिकित्सकांशी भेट ठरवून दिली. शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रिया कशी असते, बंद भागाच्या वरचे आणि खालचे आतडे एकमेकांना कसे जोडतात, सोबत दुसरा मोठा दोष नसेल तर १००पैकी ९०हून जास्त बाळे यातून नीट बाहेर येतात, आणि शस्त्रक्रियेनंतर दूध सुरू व्हायला आई-वडिलांचा धीर सुटेल इतके दिवस लागतात, हे सारे अर्धा तास बसून सांगितले.

या केंद्राने दिलेली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे या भेटीनंतर हातात ठेवलेला एक पानी कागद. त्यावर जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांत काय करायचे ते लिहिले होते : अंगावर पाजायचे नाही, नाकातून जठरात नळी घालून आतले पाणी मोजायचे, ते २० ते ३० मिलिलिटरांहून जास्त निघाले तर अडथळ्याचा संशय बळावतो, शिरेतून द्रव सुरू करायचे, पोटाचा एक्स-रे काढायचा, उलटी हिरवी झाली तर शल्यचिकित्सकांना तत्काळ बोलवायचे, कारण आतड्याला पीळ पडला असेल तर काही तासांचाच अवधी असतो. सोनोग्राफीतल्या चित्राचा जन्मलेल्या बाळाशी काय संबंध, हे सांगणारी सेवा मला या एका कागदात मिळाली.

छत्तिसाव्या आठवड्यातील शेवटच्या भेटीत गर्भजलाचा निर्देशांक ३१ झाला होता. त्यानंतर चौथ्या दिवशी, पहाटे दोनच्या सुमारास, मुलगी झाली. वजन २ किलो ३०० ग्रॅम, आणि रडणे असे की कोणी म्हणावे, या बाळाला काय झाले आहे! येथेच सेवेतली मोठी फट दिसली. केंद्राने तो कागद रुग्णालयाला आधी पाठवायला हवा होता, किंवा रुग्णालयाने तो माझ्या केसपेपरला लावायला हवा होता; यांतले काहीच झाले नव्हते. रात्रपाळीच्या डॉक्टरांना काही कल्पना नव्हती, आणि सिस्टर नेहमीच्या मायेने बाळाला माझ्या छातीशी लावू लागल्या. यजमानांनी पिशवीतून तो कागद काढून त्यांच्यासमोर धरला. दहा मिनिटांत बाळ वर एनआयसीयूत गेले. नळीतून ४० मिलिलिटर पाणी निघाले, पातळ आणि शेवाळासारखे हिरवट. मी ते नंतर यजमानांनी काढलेल्या फोटोत पाहिले. एक्स-रेत तेच दोन बुडबुडे होते, आता हवेने भरलेले, पण पुढच्या आतड्यातही थोडी हवा उतरलेली होती. म्हणजे वाट पूर्ण बंद नव्हती. औषध घालून काढलेल्या दुसऱ्या तपासणीत आद्यांत्रात पडदा आणि त्यात टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र असल्याचे दिसले. गर्भात दुसरा बुडबुडा कधी दिसायचा आणि कधी नाहीसा व्हायचा, त्याचे कारण बहुधा हे छिद्रच असावे, असे शल्यचिकित्सक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. सहाव्या दिवशी नळीतून येणारे पाणी हिरव्याचे पिवळसर आणि मग स्वच्छ होत गेले, आणि सातव्या दिवशी मी काढून दिलेले दूध दर तीन तासांनी ५ मिलिलिटर असे सुरू झाले. सिरिंजमधले ते ५ मिलिलिटर दूध हळूहळू खाली उतरताना पाहणे हे मला प्रसूतीहूनही जास्त लक्षात राहिले आहे. मध्ये एक दिवस पुन्हा हिरवे आले आणि दूध १२ तास थांबवावे लागले. असे एखाद-दुसऱ्या वेळी होते, हे आम्हाला तेहतिसाव्या आठवड्यातच सांगितलेले असल्यामुळे त्या रात्री आम्ही हातपाय गाळून बसलो नाही. अठराव्या दिवशी ती पूर्ण दुधावर आली आणि एकविसाव्या दिवशी आम्ही तिला घरी आणले. आता ती वरणभाताचे पाणी आणि नाचणीची पेज खाते. पुढे कधी ओहोटीसारखी दूध वर येण्याची तक्रार किंवा आद्यांत्र सुस्त राहण्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून वर्षातून एकदा दाखवायचे आहे.

एनआयसीयूबाहेर आम्हाला एक जोडपे भेटले. त्यांना गर्भातच जठर मोठे दिसले होते, पण ‘नॉर्मल असू शकतं’ असे ऐकून ते पुढे कोठे गेले नव्हते. बाळ चौथ्या दिवशी हिरव्या उलट्या आणि कोरडे पडलेले अंग घेऊन दुसऱ्या जिल्ह्यातून आले होते. त्याच बाकावर आणखी एक बाई होत्या. त्यांच्या बाळाचे जठर तीन स्कॅनमध्ये मोठे दिसले आणि जन्मानंतर काहीच निघाले नाही. बाळ दुसऱ्या कारणाने, कावीळ वाढली म्हणून, निळ्या दिव्याखाली होते. एकाच ओळीच्या अहवालातून निघालेल्या या तिन्ही वाटा मी एका बाकावर पाहिल्या, आणि म्हणूनच पाऊण तास थांबून पुन्हा पाहणाऱ्या डॉक्टरांना मी पूर्ण गुण देते. प्रतीक्षागृह, काउंटर आणि खर्चाची माहिती यांना निम्मेही देता येत नाहीत.

शेवटची तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते. बाळ जन्मल्यावर केंद्राकडून एकही फोन आला नाही. बाळाचे पुढे काय होईल हे ज्यांनी वर्तवले, त्यांनाच प्रत्यक्षात काय झाले ते कळायची काही सोय तेथे नाही. दुसऱ्या महिन्यात मी स्वतः डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रेचा फोटो पाठवून दिला. त्याच संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी तिचे वजन विचारले, पडद्यातले छिद्र केवढे होते ते विचारले आणि मूळ एक्स-रे चांगल्या प्रतीत पाठवता येईल का, असे विचारले. तिसाव्या आठवड्यातील चित्राशेजारी तो लावून ठेवायचा होता. मी यजमानांना दुसऱ्या दिवशी सीडी घेऊन पुण्याला पाठवले.